मांडीवरची पिशवी

भोर मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि तेही दोनच दिवस. पण पाहण्याआधीच ते मला पाठ होतं. इंदूरच्या आमच्या घरात दादा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की भोरचा विषय निघायचाच. भाताला वास नाही, आंबेमोहर खावा तर तिकडचा. पाणी जड आहे, पाणी प्यावं तर नीरेचं. आई वैतागायची. "एवढं होतं तर राहायचं होतं तिथंच," असं ती म्हणे, आणि दादा गप्प होत. त्या गप्प होण्यात काही असेल असं आम्हा कुणाच्या मनात आलं नाही. भोरचं कुणी आमच्याकडे येत नसे, आम्ही कधी तिकडे जात नसू. घरातले सगळे प्लेगात गेले, एवढंच दादा सांगत. आम्ही मानलं. बापाचं बोलणं कुणी तपासून घेतं का!

दादा पौषात गेले. शेवटच्या दिवसांत एकदा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "अस्थी नीरेत सोड. घाटावर. माझं नाव-गोत्र मोठ्यानं घ्यायला लाव. मोठ्यानं, बरं का." मी शब्द दिला. मला भाऊ नाही. अग्नी मामेभावानं दिला, पण भोरपर्यंत जायचं म्हटल्यावर त्याला कचेरीतून रजा मिळेना. मी तेव्हा चोवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, बिनलग्नाची आणि डोक्यानं तापट. म्हटलं, मी जाते. आईनं कपाळाला हात लावला. "अगं, बाईमाणसानं अस्थी न्यायच्या?"

"मग काय पोस्टानं पाठवू?" असं मी तिला बोलले. महिनाभरापूर्वी जिचं कुंकू पुसलं गेलं त्या बाईला. आजही ते आठवलं की मी जीभ चावते.

तांब्याची लोटी, तिच्या तोंडाला पांढरं फडकं, वरून कापडी पिशवी. ती जमिनीला टेकवायची नाही हा नियम. इंदूरपासून पुण्यापर्यंत ती माझ्या मांडीवर होती, आणि पुण्याहून भोरच्या सर्व्हिस मोटारीतही. नसरापूरच्या फाट्यावर मार्गासनीची एक बाई चढली. लेकीकडे भोरला निघाली होती, सोबत तांदळाचं गठुडं. माझ्याशेजारी बसली आणि लगेच पिशवीला हात घातला.

"द्या हिकडं, म्या धरते. हात दुकलं आसतील."

"नको."

"मंग खाली ठिवा की. कोन नेतंय तुमची?"

"नको, बाई."

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकदा पिशवीच्या गाठीकडं. मग हात काढून घेऊन पदराला पुसला आणि पिशवीला नमस्कार केला. "कोन हुतं?"

"वडील. भोरचेच."

"आगं माजी बाई! कुनाच्यातलं?"

मी आडनाव सांगितलं. तिला ते घर ठाऊक होतं, लेक त्याच आळीत दिली होती. म्हणाली, "त्यांच्यात आता हितं कुनी न्हाई. थोरलं जाऊन लई वर्सं झाली. पोरं मुंबैला. घाटावरच्या काकू तेवड्या हायेत."

प्लेगात सगळे गेले म्हणे! मी पिशवीकडं पाहिलं. माणूस मेला म्हणून त्याच्यावर चिडायचं नाही असं थोडंच आहे. मोटार कापूरहोळला सडक सोडून आत वळली, पुढं धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि दादा खोटं का बोलले असतील याची मी मनातल्या मनात कारणं जुळवत बसले. भाऊबंदकी असेल, म्हटलं. घराघरांतून असते.

भोरला उतरल्यावर धर्मशाळेत जायच्या आधी मी गावच पाहिलं. पिशवी उराशी धरून, परीक्षेचा पेपर तपासावा तसं एकेक ताडून पाहिलं. राजवाडा दादा म्हणायचे तेवढाच मोठा निघाला. संस्थान अजून संस्थानच होतं, दारावर पट्टेवाले होते, कारकून मंडळी उपरणं सावरत घाईनं कचेरीला चालली होती. पेठेत भाताचा वास होता हेही खरं. घराला सात पायऱ्या आहेत म्हणायचे, त्या चारच निघाल्या. दादा लहानपणी मोजत असतील तेव्हा त्या सात वाटत असतील, किंवा इंदूरला बसून त्यांनी तीन वाढवल्या असतील. घरात दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड होतं. तिथल्या बाईनं मला आत घेतलं नाही, घेणारच नाही, हातात अस्थी होत्या. पण बाहेर पायरीवर उभ्या उभ्या पाणी दिलं. नीरेचंच होतं. चांगलं होतं, पण इतकी वर्षं रडावं असं काही त्यात मला लागलं नाही.

मग घाटावर गेले. पिशवी पिंपळाच्या फांदीला अडकवली, नदीत पाय धुतले आणि तिथल्या गुरुजींना गाठलं. चाळिशीचे होते, बोलायला मऊ. बाई एकटीच आली म्हणून आधी कुरकुरले, मग म्हणाले, "ठीक आहे, लांबून आलात. नाव सांगा. गोत्र सांगा. वडिलांचं, आजोबांचं."

मी सांगितलं. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. गुरुजी मागे सरकून बसले. "यांचं झालंय," ते म्हणाले.

"काय झालंय?"

"दहन झालंय. याच घाटावर. माझ्या वडिलांनी केलं, मी दर्भ द्यायला शेजारी होतो."

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. मग त्यांनी नीट सांगितलं. माणूस परागंदा झाला, बारा वर्षं जिवंत की मेला कळलं नाही, की त्याला मेला असं धरतात. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, नारळाचं डोकं लावतात, आणि रीतसर जाळून तेरा दिवस करतात. माझ्या वडिलांचं तसं त्यांच्या थोरल्या भावानं केलं. फाल्गुन वद्य अष्टमीला.

मी घाटाच्या पायरीवर खाली बसले. फाल्गुन वद्य अष्टमी. रंगपंचमीनंतर तिसरा दिवस. त्या दिवशी दादा दरवर्षी कडकडीत उपास करायचे, पाणीसुद्धा घेत नसत. आम्ही बहिणी थट्टा करायचो, दादांच्या पोटात रंग गेलाय म्हणून. कसला उपास असं विचारलं तर म्हणत, "आहे एक." स्वतःच्या श्राद्धाचा दिवस त्यांना ठाऊक होता!

"आणि उद्या तुमचा तो मेलेला माणूस परत आला असता तर?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"त्याचा उपाय आहे शास्त्रात. तुपानं भरलेल्या घागरीत घालून पुन्हा जन्माला आणतात. जातकर्म, मुंज, सगळं नव्यानं. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात."

"त्याच बायकोशी म्हणजे?"

गुरुजींनी नदीकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं, की मार्गासनीच्या बाईनं सांगितलेल्या घाटावरच्या काकू माझ्या कुणी लांबच्या आजी किंवा काकू नव्हत्या. बाकीचं गुरुजींनीच सांगितलं. दहाव्या वर्षी त्यांचं माझ्या बापाशी लग्न लागलं होतं. त्या अकरा वर्षांच्या असताना दादा नोकरी पाहायला म्हणून गेले, बिऱ्हाड केलं की नेतो म्हणाले, आणि गेले ते गेलेच. दर्भाचा माणूस जळाला त्याच दिवशी काकूंची बांगडी फुटली, दहाव्या दिवशी केस गेले. वय तेवीस. मी तेव्हा इंदूरला पाच वर्षांची होते, आणि माझी आई दर शुक्रवारी दादांच्या नावानं हळदकुंकू वाटत होती.

"आणि बायकोच्या केसांचा काय उपाय आहे शास्त्रात?" मी गुरुजींना विचारलं.

"केस काय, वाढतात की," ते म्हणाले. ते काही दुष्टपणानं बोलले नाहीत, म्हणूनच मला त्यांना घाटावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

शेवटी त्यांनी हात जोडले. म्हणाले, "ताई, अस्थी सोडा तुम्ही. पण गुपचूप, नाव न घेता. दोनदा कसं करणार? आणि काकूंना काही सांगू नका. देवळाच्या मागच्या खोलीत राहतात, सोवळ्यातला स्वयंपाक करतात, गाव मान देतं त्यांना. आता वीस वर्षांनी कशाला?"

नाव न घेता सोडायच्या असत्या तर इंदूरजवळची नर्मदा काय वाईट होती? दादांना दिलेला शब्द नाव घेण्याचा होता. आणि नाव घ्यायचं तर आधी त्या बाईला तोंड दाखवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडं गेले. रात्रभर मनाशी एक गोष्ट रचून ठेवली होती: दादा वीस वर्षांपूर्वीच गेले, त्याच फाल्गुनात, तापानं, आणि अस्थी आजवर घरीच राहून गेल्या. म्हणजे दर्भाचं दहन खरं ठरेल, काकूंचं वैधव्य खरं ठरेल, आणि मग त्याच हो म्हणतील, नाव घ्या म्हणून. किती हुशार मी!

वय ऐकूनही 'काकू' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं म्हातारीच होती. दारात तांदूळ निवडत बसलेली बाई माझ्या आईच्या वयाची निघाली. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि हात मात्र तरुण. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

"कपाळ त्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "बस. दारातच बस, आत नको येऊस." मग म्हणाल्या, "कधी गेले?"

मी रचलेलं सांगितलं. मी पाच वर्षांची होते, फाल्गुन होता, ताप आला. काकूंनी डोळे मिटले, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे बरोबर झालं सगळं. मला बाई सारखं वाटायचं, हे जिवंत असले तर? मी जिवंत नवऱ्याच्या नावानं पांढरं कपाळ करून बसले असले तर? देवापुढं उभी राहिले की हेच मनात यायचं. आज सुटले मी."

मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं बापाच्या आठवणीनं. उठून त्यांनी मला ताक दिलं, वरून, हात न लावता, आणि बोलायला लागल्या. इतकी वर्षं साठलेलं होतं. माझा एक भाऊ होता, म्हणाल्या, मार्गासनीला. त्यालाही हे पटेना. दहनाचा दिवस ठरला तेव्हा तो हट्टानं शोधायला गेला, उज्जैन-इंदूरकडं. ठरल्या दिवशी निरोपही नाही, तोही नाही. दहन आटोपलं, माझं सगळं आटोपलं, आणि मग कळलं की तो येताना पुण्यातच पटकीनं गेला. "एका डोळ्यात फूल होतं त्याच्या. कुणाला विचारलं तरी लक्षात राहावा असा. पण कुणाला विचारायचं?"

माझ्या हातात ताकाचा पेला होता आणि मला आमचं इंदूरचं दार दिसत होतं. उंबऱ्याबाहेर उभा एक माणूस, एक डोळा पांढरा. मी भिऊन दादांच्या धोतरामागं लपले होते. आईनं पाणी आणलं तर तो प्यायला नाही. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, म्हणून ते पाच वर्षांच्या पोरीच्याही डोक्यात राहिलं: "एक कार्ड टाका हो. दोन ओळी. नांदवू नका, पण जिवंत आहे एवढं लिहा." दादा म्हणाले होते, टाकतो. तो गेल्यावर आईनं विचारलं, कोण होता? "जुनी ओळख," दादा म्हणाले.

कार्ड टाकलं नाही. दोन ओळी लिहिल्या नाहीत. उपास मात्र दरवर्षी केला!

"तुला भावंडं किती?" काकू विचारत होत्या.

"एक बहीण."

"थोरली का धाकटी?"

"धाकटी."

"केवढी आहे?"

"सोळा पुरी झाली," मी म्हणाले. माझं सगळं चित्त त्या कार्डावर होतं. शाळेत पोरींना वजाबाक्या शिकवणारी मी, आणि एवढं गणित मला सुचलं नाही.

काकूंना सुचलं. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्यांनी एकदा मोजलं, परत मोजलं. मग त्यांची नजर माझ्या मांडीकडं आली.

"मघापासून पाहतेय. पिशवी खाली का ठेवत नाहीस?"

मी काय सांगणार? मी ती आणखी घट्ट धरली, आणि तेच उत्तर झालं.

"कधी गेले?" त्यांनी पहिल्यासारखंच विचारलं, त्याच आवाजात.

"पौषात. या पौषात."

देवळात कुणीतरी घंटा वाजवली आणि निघून गेलं. काकू सुपातल्या तांदळाकडं पाहत होत्या. "माझा भाऊ भेटला होता त्यांना?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. मघाशी बोललेच होते. पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडला आणि मला जमेना. "भेटला होता," मी म्हणाले.

"मग काय म्हणाला?"

"एक कार्ड टाका म्हणाला. दोन ओळी."

काकूंनी मान हलवली, हलकेच, एखाद्या पोरीनं धडा बरोबर म्हटला की मी हलवते तशी. मला वाटलं आता रडतील, शिव्या देतील, मला हाकलतील. दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. मीच घाईघाईनं बोलत सुटले, की तुम्ही म्हणाल ते मी गावात सांगते, गुरुजींना सांगते, तुम्हाला सुतक धरायचं असेल...

"सुतक?" त्या म्हणाल्या. "मी आंघोळ केलीय त्यांच्या नावानं. माघारी का होईना, एकदा केलीय. एका माणसासाठी मी दोनदा करणार नाही."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी उठले. उठता उठता माझं काम आठवलं, आणि लाज सोडून विचारलं. शब्द दिला होता ना! "काकू, त्यांची शेवटची इच्छा होती. नीरेत सोडा म्हणाले होते, घाटावर, नाव घेऊन. सोडू का?"

"नाही," काकू म्हणाल्या. वर न पाहता एक खडा वेचून त्यांनी अंगणात टाकला. "नीरेत नको. ते पाणी मी पिते."

मी त्याच दुपारच्या मोटारीनं परत निघाले. मुंबईहून खंडवा, खंडव्याहून इंदूरची गाडी, सगळी वाट पिशवी मांडीवर. मोरटक्क्याला गाडी नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा मी खिडकीतून लोटी उपडी केली. नाव घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही. शेजारच्या बायांनी पुलावरून टाकतात तसे दोन पैसे टाकले आणि हात जोडले, मी तेही केलं नाही.

काकूंना मी नंतर तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्यांना लिहिता येत होतं की नाही हे मी विचारलंच नव्हतं.

घरी आई दारातच उभी होती. माझे हात रिकामे पाहून तिला बरं वाटलं. मला घंगाळातलं पाणी देत तिनं विचारलं, "नीरेतच सोडल्यास ना? नाव घेतलं ना गुरुजींनी, मोठ्यानं?"

"घेतलं," मी म्हणाले. या वेळी कुठं चुकले नाही.

आईनं डोळे पुसले. "तुझे दादा सारखे म्हणायचे," ती म्हणाली, "माझी कुणीतरी तिकडं वाट पाहतंय. मी म्हणायची, नदी का कुठं कुणाची वाट पाहते!"